मामांनी पारखलेली लाल मोटार

अन्याय झाला तो माझ्या असोद्याच्या मामांवर, आणि झाला तो एकाहत्तर सालच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, धुळ्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांच्या अंगणात. साक्षीदार मी स्वतः. गावातले लोक हा प्रसंग हसण्यावारी नेतात आणि मामांना वहमी म्हणतात. त्या लोकांचा मी इथे जाहीर निषेध करतो. मात्र एक गोष्ट निषेध करूनही उरते: अख्ख्या खानदेशात मामांइतका संशय घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

बागेत केळीचा व्यापारी आला की मामा आधी त्याच्या चपला बघत. चपलांना चिखल नसला, तर हा दुसऱ्या कुठल्याच बागेत गेलेला नाही, मग "चार ठिकाणी भाव पाहून आलो" हे खोटं, आणि पहिलंच वाक्य खोटं म्हटल्यावर पुढचं ऐकायचं कशाला? भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर नवऱ्या मुलाला त्यांनी विहिरीवर नेऊन पाणी शेंदायला लावलं. पोहे खाताना कुणाचाही हात धडधाकटच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा जळगावात बाजारातल्या खोट्या वजनमापांविरुद्ध पत्रकं काढत होतो. पहिलं पत्रक मोठ्या अभिमानानं मामांच्या हातात ठेवलं. त्यांनी आधी मागची कोरी बाजू नीट पाहिली, मग पुढची वाचली आणि म्हणाले, "खाली छापखान्याचं नाव आहे. पण हे लिहायले तुले कोणी सांगितलं, त्याचं नाव कुठी आहे?" मी संतापून म्हणालो, "मामा, मला कुणी सांगत नाही!" तर म्हणाले, "तसंच सांगायले सांगितलं असेल."

मुळात मामा असे नव्हते. मामी सांगते, लग्न झालं तेव्हा हा माणूस दुकानदारानं तागडी उचलली की तोंड फिरवून उभा राहायचा, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मग जळगावच्या एका ओळखीच्या गृहस्थानं, मामांच्याच घरी पंगतीला पोटभर जेवून गेलेल्या गृहस्थानं, त्यांना विहिरीवरचं नवं इंजिन विकलं. नवा होता तो फक्त रंग. ऐन वैशाखात इंजिन बंद पडलं आणि केळीची बाग उभीच्या उभी वाळली. जाब विचारला तर गृहस्थ म्हणाले, "आबा, घेताना बघायचं होतं." तेव्हापासून मामा बघू लागले. आणि सगळ्या वस्तू ते एकाच पद्धतीनं बघत, बैल बघतात तशा. कारण बैलाच्या बाबतीत त्यांना आजवर कुणी फसवलं नव्हतं.

आता त्या मोटारीबद्दल. मामा तरणे असताना कपाशीची गाडी घेऊन नशिराबादच्या रस्त्यानं येत होते, तेव्हा समोरून एक लाल, उघडी, दोनच माणसांची इंग्रजी मोटार आली. बैल बुजले. मोटारवाल्या साहेबानं म्हणे इंजिन बंद केलं, बैल शांत होईपर्यंत तो थांबला, आणि मगच पुढे गेला. मोटार गेली, धूळ बसली, पण मामांच्या मनातून ती मोटार काही गेली नाही. पुढे तीस वर्षांनी कळलं की धुळ्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे अगदी तसलीच मोटार आहे, नजर कमी झाल्यामुळे त्यांना आता चालवता येत नाही, आणि ती विकायची आहे. मामांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही. मला फक्त म्हणाले, "चाल भो, एक जनावर पाहून येऊ."

जळगावहून धुळ्याची एस.टी. धरली. ती धुळ्यालाच जाते का, हे मामांनी कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, आणि पारोळ्याला चढलेल्या एका बाईलाही विचारलं. डॉक्टरांच्या अंगणात कडुलिंबाखाली मोटार उभी होती. लांबलचक नाक, तारांची चाकं, बॉनेटवरून आवळलेला चामड्याचा पट्टा. मी तर बघतच राहिलो. मामा मात्र तिच्याकडे पाठ करून आधी डॉक्टरांना न्याहाळत होते.

मग मामांनी मोटारीला उलट्या बाजूनं फेरी घातली. विकणारा नेहमी चांगली बाजू पुढे करतो. पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा कशाले? बांधून ठेवतात ते मारकं असतं." मागे वाकून त्यांनी तिच्या पाठीवर भोवरा शोधला, मालकाला धार्जिणा नसलेला केसांचा भोवरा बैलाच्या पाठीवर असतो, तर मोटारीच्या का नसावा? नखानं रंग खरवडून पाहिला, खाली पुन्हा तोच लाल रंग निघाला, तेव्हा मामांचा चेहरा पडला. एवढ्यात त्यांचा हात बॉनेटवर गेला. "ही तापलेली आहे! आम्ही यायच्या आधी पळवून ठेवली!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आबा, वैशाख आहे. माझी खुर्चीसुद्धा तापलीय." मामांनी जाऊन खुर्चीला हात लावून पाहिला.

तोपर्यंत कुंपणापाशी आखाजीची जेवणं पचवायला आलेले शेजारी जमले होते. त्यांतला एकजण ओरडला, "आबा, शेपटी कोठे शे, ते बी देखी ल्या!" मामा ढळले नाहीत. "मागे चालवून दाखवा," ते म्हणाले. लंगडं जनावर पुढे कसंही चालतं, मागे पाय टाकताना उघडं पडतं. डॉक्टर चष्मा पुसून आत बसले, आणि मोटार पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. मामा दचकले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एका हाकेत उठली. शिकवलेली आहे." मोटार मागे गेली, पुढे आली, कुठे खरखर नाही की धूर नाही. इंजिन बंद झालं तेव्हा मामांना काढायला खोट उरली नव्हती. त्यांनी पुढे होऊन तिच्या दिव्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बैल पसंत पडला की ते त्याच्या कपाळावर असाच हात ठेवत.

आता फक्त सौदा राहिला होता. आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, एका बोटाला शंभर रुपये, म्हणजे बघ्यांना कळत नाही. मामांनी उपरणं टाकून डॉक्टरांपुढे हात केला. डॉक्टरांनी क्षणभर पाहिलं, उपरण्याखाली हात घातला आणि मामांच्या मनगटावर तीन बोटं टेकून डोळे मिटले. मामा पांढरेफटक पडले. हात ओढून घेत म्हणाले, "चाल रे."

फाटकाबाहेर मी अडवलं. म्हणाले, "तीन! अरे, इतक्या स्वस्तात कोणी चांगलं जनावर देतं का? मले दिसली नही, पण खोट आहे." मी परत आत धावलो. डॉक्टर काळजीतच उभे होते. "तुमच्या मामांना ऊन लागलंय," ते म्हणाले, "हात पुढे केला म्हणून नाडी पाहिली. फार धावतेय. सांभाळून न्या." मी हे जसंच्या तसं मामांना सांगितलं. रस्त्यात उभं राहून, हातवारे करून सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर तुले असंच सांगेल."

आणि इथेच मला राग येतो. उन्हानं कधी मामांची नाडी धावली नाही. चाळीस वर्षं ते उन्हातच उभे आहेत. ती कशानं धावत होती हे मला कळलं, त्यांनाही कळलं असणार.  परतीच्या एस.टी.त पारोळ्याजवळ ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "मागे चालताना पायसुद्धा अडखळला नही, नही का?" रात्री घरी पोचलो तेव्हा दिसलं, गोठ्याच्या टोकाचा कडबा हलवून तिथली जमीन नुकतीच शेणानं सारवलेली होती, एका मोटारीपुरती. मामीनं विचारलं, "हे कशासाठी?" मामा म्हणाले, "उंदरं झाले व्हते."

हसणाऱ्यांनी आता ऐकावं. ही मोटार मामांच्या संशयानं घालवली नाही. ती त्या इंजिनवाल्यानं घालवली, तिकडे जळगावात बसून, धुळ्याला पाऊलही न टाकता. आणि असे इंजिनवाले पुष्कळ आहेत. कापसाला पाणी मारून वजन वाढवणारे, मेलेलं बियाणं जिवंत म्हणून खपवणारे, तुरीत खडे मिसळणारे. तुमच्यापैकी कुणी तसा असेल, तर माझी मागणी त्याच्याकडे आहे. पत्रकात मी 'जाहीर माफी मागा' असं लिहितो. इथे तसं लिहीत नाही. जाहीर माफी माणूस चारचौघांसाठी मागतो. तुम्ही एकटे जा. ज्याला फसवलंत त्याच्या ओट्यावर बसा, तो देईल ते पाणी प्या, आणि सांगा की माल खोटा होता आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. तरी सांगा. आणि आठ दिवसांनी पुन्हा जा.