निरोप गेला, डॉक्टर येतील

माझा भाऊ संघपाल मोबाईलची ॲप करतो. सोलापुरात राहून करतो, हे मुद्दाम सांगते, कारण त्याच्या वर्गातली सगळी पोरं पुण्याला पळाली आणि हा येडा इथंच राहिला. मी एसटीत कंडक्टर. माझा आवाज पार मागच्या सीटपर्यंत जातो. "ताई, तू बोललीस की माणसं ऐकतात," म्हणत त्यानं माझाच आवाज त्याच्या ॲपमध्ये भरला.

ॲप मेंढपाळांसाठी. ही माणसं आज मंद्रूपच्या माळावर, तर पुढच्या आठवड्यात कुठं, त्यांचं त्यांनाच सांगता येत नाही. मेंढरू आजारी पडलं तर डॉक्टरला पत्ता काय द्यायचा? म्हणून पडद्यावर एकच मोठं बटण, वर मेंढीचं चित्र. दाबलं की आपण कुठं आहोत ते जवळच्या डॉक्टरला कळतं. वाचता यायला नको. ज्ञानबा नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळासोबत हिंडून हिंडून संघपालनं ते केलं. पहिलं बटण पिवळं होतं. ज्ञानबा म्हणाले, "पिवळा भंडाऱ्याचा रंग. त्येच्यावर आजारपण नगं." मग ते घोंगड्यासारखं काळं झालं.

माळावर रेंज नसायची. बटण दाबून काहीच होईना म्हटल्यावर ज्ञानबा दाबतच राहायचे, आणि रेंज आली की डॉक्टरकडं एकाच मेंढीचे ढीगभर निरोप. डॉक्टर वैतागले. तेव्हा संघपालनं डोकं चालवलं. बटण दाबल्याबरोबर फोननं बोलायचं, "निरोप गेला. डॉक्टर येतील." निरोप मागाहून रेंज आली की आपोआप जायचाच, त्यामुळं त्यात खोटं काही नव्हतं. ते वाक्य माझ्या आवाजातलं. दिवसभर सुट्ट्या पैशांवरून भांडणारी बाई तिथं इतकी मायेनं बोलली, की आमच्या आईचाही विश्वास बसेना.

मग ते फ्रेमवर्कचं लचांड आलं. फ्रेमवर्क म्हणजे ॲपच्या पडद्याचा सांगाडा, असं संघपालनं मला समजावलं. त्याचं जुनं झामरिन. ते करणाऱ्यांनीच बंद केलं. आता सगळं फ्लटरमध्ये नव्यानं उभं करायचं. नावं ऐकून वाटावं पोटदुखीच्या गोळ्या आहेत. वर्षभर पोरगं खपलं. जेवताना ताटात बघायचं नाही, बोलावलं तर ओ द्यायचं नाही. नवं ॲप झालंही छान. पण ज्ञानबांसारख्यांच्या जुन्या फोनवर ते चढेना. बरं, जुन्या ॲपमध्ये 'हे आता बंद झालंय' एवढं तरी घालावं, तर त्यात बदल करून पाठवायची वाटच राहिली नव्हती.

ज्या कंपनीसाठी तो हे करत होता आणि जिच्यामार्फत निरोप डॉक्टरकडं जायचे, तिच्या साहेबापुढं संघपालनं हात जोडले. जुने फोन संपेपर्यंत जुन्या ॲपचे निरोप घेत राहा, म्हणाला. साहेब म्हणाले, "असे राहिलेत किती? बघू." आणि याला न सांगता एक दिवस ते निरोप घेणं बंद केलं. संघपालला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. बटण तसंच होतं ना. आणि माझा आवाज तर फोनमध्येच भरलेला, दाबलं की बोलणारच.

ज्यांचे नंबर होते त्यांना त्यानं फोन केले. बाकीचे कुठल्या माळावर आहेत, कुणाला ठाऊक. ज्ञानबांचा फोन लागेना. मंद्रूपकडं आहेत एवढं त्यांच्या घरून कळलं, आणि मी सुट्टी टाकून संघपालच्या मोटरसायकलवर मागं बसले. वाटेत मी त्याला ओरडले नाही. मला राग साहेबाचा होता आणि तो माझ्याजवळच सडत होता.

ज्ञानबा कळपाशी बसले होते. कळप कसला, हगवणीनं निम्मी मेंढरं आडवी झाली होती. उरलेली उभी होती ती माना टाकून.

"आलास व्हय पोरा," ज्ञानबा संघपालला म्हणाले. "डॉक्टर लई उशीर करायलेत की. परवापास्नं बटन दाबतुय. सून म्हनली, गावातनं कुनाला तरी आनूया. मी म्हनलं, बाई सांगत्यात न्हवं येतील म्हनून. त्या कवा खोटं बोलल्या न्हाईत."

संघपाल आडव्या मेंढरांपाशी जाऊन बसला. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी पुढं झाले.

"मामा, जरा पाणी प्या."

म्हाताऱ्यानं झटकन मान वर केली. माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर जीव आला.

"तुमीच की त्या बाई!"

ज्ञानबा काठी टेकत उठले. आमच्या मागं, रस्त्याकडं बघत त्यांनी विचारलं, "डॉक्टर मागनं येतायत न्हवं?"