मांडीखालचे हात

शिकवताना बाई स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. समोरची चुकत असली तरी हात बाहेर काढायच्या नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर उन्हाळा होता, म्हणजे थंडीनं तर नव्हे. मी सरळ विचारलं.

"हात मोकळे असले की मीच करून दाखवते, अक्का," त्या म्हणाल्या. "मग शिकणार कोण? मीच परत?"

बाई म्हणजे आमच्या गावच्या नर्स. ईट गावाकडच्या बौद्ध घरातल्या, तिशीच्या आतबाहेर. दवाखाना म्हणजे सोसायटीच्या गोदामातली अर्धी खोली. पलीकडे युरियाची पोती, अलीकडे बाईंचं टेबल. गोळ्यांनाही खताचा वास यायचा. मी तिथं झाडलोट करायची आणि पाणी भरायची. पाणी भरायची हे लिहायला सोपं आहे. बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षंच झाली होती आणि विहिरी पुन्हा तळाला गेल्या होत्या. टँकर आला तर दोन घागरी, नाही तर तीही नाही.

त्या साली बाईंवर आसपासच्या सुईणींना शिकवायचं काम आलं. बाळंतपण नव्हे, ते सुईणींना बाईंपेक्षा जास्त येत होतं. हात साबणानं धुवायचे, नाळ कापायचं पातं नवं घ्यायचं, पातं आणि दोरा उकळायचा, नाळेला राख-शेण लावायचं नाही. धनुर्वातानं आठ-आठ दिवसांची बाळं जायची, ती जाऊ नयेत म्हणून हे सगळं.

वरून चित्रांचा एक तक्ता आला होता. तो भिंतीला टांगायचा, काठीनं दाखवायचं आणि बायकांनी मागून म्हणायचं. सगळ्यांत चांगलं म्हणायची गंगूमावशी. माझ्या दोन्ही पोरी तिच्याच हातावर झालेल्या. तक्त्याकडं न बघता ती धडाधडा म्हणायची आणि वर बाकीच्यांना डिवचायची, "तुमच्या डोक्यात काय भुस्सा हाय का गं?"

बाईंचा त्या म्हणण्यावर विश्वास नव्हता. "तोंडाचं ऐकू नका अक्का, हात बघा."

त्यांनी चिंध्यांचं एक बाळ शिवलं, नाळ म्हणून त्याला सुतळी लावली. मग बायकांचे दोन गट केले. सोमवारी येणाऱ्या सात जणींना तक्ता, गंगूमावशी त्यांतच, गुरुवारी येणाऱ्या सात जणींना चिंध्यांचं बाळ. महिनाभर असं करायचं आणि कुणाच्या हातात काय टिकलं ते बघायचं. मला शंभर पानी वही दिली. कोण चुकली ते नाही लिहायचं, कुठं अडली ते लिहायचं. चौथी पास झाल्यापासून मी दोन ओळीसुद्धा लिहिल्या नव्हत्या. आता वही काखेत घालून गावातून चालायला लागले. मिरवत होते, खोटं कशाला सांगू?

गुरुवारी नुसता गोंधळ असायचा.

"पोरगं हाय का पोरगी, नर्सबाई?"

"चिंधी हाय."

"चिंधी म्हंजी पोरगीच की मग."

बाई हसायच्या, पण डोळे समोरच्या हातांवर. प्रत्येक पायरीनंतर एकच शब्द विचारायच्या, "मग?" हात धुतले. मग? पातं काढलं. मग? शेवटी बायका कंटाळून म्हणायच्या, "मग काय बाई, मग च्या!"

दुसऱ्या गुरुवारी बाईंनी खरी चूल पेटवून खरं पाणी ठेवायला लावलं. पातं उकळलं. आणि पहिलीच बाई भांड्यावर हात धरून थांबली. "गरम हाय की. काढू कशानं?" दुसरीही तिथंच थांबली. सातही जणी तिथंच. एकीनं तर पदर पुढं केला. मी वहीत लिहिलं, पातं काढताना अडल्या, सगळ्या.

बाई त्या भांड्यावर वाकल्या. मग नवी पायरी घातली. पाणी दुसऱ्या भांड्यात निथळून घ्यायचं, पातं झाकून आतच निवू द्यायचं, निथळलेल्या पाण्यानं हात धुवायचे आणि त्याच ओल्या हातानं पातं उचलायचं. दुष्काळात एका कामाला दोनदा पाणी कोण देणार? तेही त्यांनी त्यातच बसवलं होतं.

बायका गेल्यावर त्या तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. "अक्का, चित्रात पातं पाण्यात आहे. पुढच्या चित्रात ते हातात आहे. मधलं कुठंच नाही. सोमवारच्यांना सांगून टाकू का?"

मी म्हणाले, "आताच सांगितलं तर वहीचा काय उपयोग? दोनच सोमवार राहिले. म्हैना होऊ द्या की."

बाईंनी तक्त्याची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाल्या, "बरं."

म्हैना होऊ द्या, हे वाक्य माझं होतं. इथं लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

पुढचा सोमवारही तक्त्यावरच गेला आणि त्याच आठवड्यात गंगूमावशीनं वरच्या आळीत एक बाळंतपण केलं. मुलगी झाली. सातव्या दिवशी ती आईला लागेना, तोंडच उघडेना. बैलगाडीतून आम्ही येरमाळ्याच्या रस्त्याला लागलो. बाळ बाईंच्या मांडीवर होतं. डांबरी सडक दिसायच्या आधीच ते गेलं.

तालुक्याचे डॉक्टर आले. म्हणाले, "म्हातारीचं नाव सुईणींच्या यादीतून काढून टाका. ऐकत नाहीत या बायका." गावाला तेवढंच पाहिजे होतं. मावशी दारात बसायची आणि माणसं दुसऱ्या बोळानं जायची. जिच्या हातावर अर्धं गाव जन्मलं, तिला कुणी राम राम घालेना.

बाई चिंध्यांचं बाळ घेऊन तिच्या घरी गेल्या. मी वही घेऊन मागं.

"मावशी, करून दाखवता का?"

"आता मला परत शिकवता व्हय?"

"न्हाय. मलाच बघायचंय."

बाई हात मांडीखाली घालून बसल्या. मावशीनं साबणानं हात धुतले, नखांत काडी घालून धुतले. कागदातून नवं पातं काढलं. उकळलं, चांगलं रटरटा.

"मग?" बाई म्हणाल्या.

मावशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पातं बाहेर काढलं आणि पदरानं पुसलं. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी आपण पेला पुसतो ना, तसं. माया होती त्या पुसण्यात.

मग वर बघून तिनं विचारलं, "काय चुकलं का, बाई?"

बाईंचा एक हात मांडीखालून अर्धा बाहेर आला होता. तो त्यांनी परत आत घातला.

"न्हाय मावशी. सांगितलं तेवढं समदं केलंत तुम्ही. सांगायचं आमचं राहिलं."

पदरानंच झालं असं छातीठोक कोण सांगेल? आईनं धनुर्वाताची सुईसुद्धा घेतली नव्हती. पण त्या सबबीला बाईंनी हात लावला नाही. वरती कागद लिहिला. सुईणीनं शिकवलेलं सगळं केलं, शिकवण्यात एक पायरी सुटली होती, ती मला कळली होती आणि तरी मी थांबले. कागदात बाईंनी 'मी' लिहिलं. शेजारी उभी राहून मी ते वाचलं. चौथीपर्यंतचं वाचता येतंच. तोंडातून शब्द काढला नाही.

मावशीचं नाव राहिलं. पुढच्या सोमवारी तक्ता उतरला आणि चौदाही जणी चिंध्यांच्या बाळाभोवती बसल्या, मावशी सगळ्यांत पुढं. मरेपर्यंत ती पातं झाकून निववायची आणि सुनांना दटावायची, "पदर लांब ठिवा गं."

पण बाईंचं "मग?" थांबेना. शेवटची पायरी झाली तरी विचारायच्या. बायका म्हणायच्या, "मग च्या!" बाई हसायच्या नाहीत. "आणि मग? अजून काय करता?"  एकदा दुपारी मी पाणी घेऊन आले तर खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाई रिकाम्या भांड्यासमोर बसल्या होत्या आणि त्याला विचारत होत्या, "मग?"

माझी नात शिकवायचं शिक्षण घेते. ती सांगते, आता शिकण्याचंही इंजिनिअरिंग असतं. धडा बांधायचा, शिकणारा कुठं अडतो ते टिपायचं, धडा मोडून पुन्हा बांधायचा. मोठाली माणसं त्यावर काम करतात म्हणे. करोत. पूल पडला तर वरून चालणाऱ्याला दोष देत नाहीत, एवढं मला त्या गोदामात कळलं होतं. पूल कच्चा आहे हे ठाऊक असून माणसं जाऊ दिली तर काय, ते मात्र नातीला मी विचारलं नाही.

वर्षभरानं बाईंची बदली झाली. पुढं त्या कुठं गेल्या, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. वही माझ्याकडंच आहे. तो गुरुवार मी उघडत नाही, पण दूध उतू गेलं, पातेलं उतरवायला पदर हातात आला, की कानाशी कुणीतरी विचारतं, "मग?"

जायच्या दिवशी मी त्यांना एस.टी.पर्यंत सोडायला गेले. त्या खिडकीशी बसल्या. आता बोलायचं असं ठरवून मी गेले होते.

"बाई, त्या दिवशी मीच म्हणाले होते..."

इथं मी अडले. पुढचं वाक्य मला येईना. तेवढ्यावरच "असू दे" म्हणून बाईंना मला सोडवता आलं असतं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, वाट बघत. गाडी हलली. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. मी नीट पाहिलं, त्या स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या.