भोर भारी की वेल्हं?
मुका मार लागल्यावर चोळायच्या मलमाचा वास आला की मला भोरचं कबड्डीचं मैदान आठवतं. शाळकरी मुलींचा सामना रंगात आला होता. माझ्या एका बाजूला भोरचा चहावाला, दुसऱ्या बाजूला वेल्हे तालुक्यातल्या विंझरचा शेळ्या राखणारा. त्याचीच पोर वेल्ह्याकडून चढाया करत होती. मी मधे बसून मजेत काड्या करत होतो. "कबड्डी भोरचीच!" चहावाल्यानं मांडीवर थाप मारली. "व्हय का? आमच्या पोरी शेळ्यांमागं डोंगर चढत्यात, तुमच्या एसटीनं शाळंत जात्यात!" तेवढ्यात त्याची पोर कोसळली. गुडघा टम्म सुजला. मलम चोळून ती उठली, "सर, खेळते मी," म्हणाली, आणि अख्खं वेल्हं टाळ्या पिटू लागलं. बाप मात्र टोपी काढून भर मैदानात ओरडला, "हरलो आमी! भोरच भारी! सर, पोरीला भाईर घ्या!" सरांनी घेतलं. चहावाल्यालाही हसू आलं नाही. पोरीनं बापाचा हात झिडकारला आणि रडत, लंगडत एकटीच एसटीकडं निघाली. तो मागं मागं, अंतर राखून. हा वाद मी अजूनही कुठंही आनंदानं पेटवतो. फक्त वेल्ह्याचा माणूस हट्टाला पेटला, की त्याला मुकाट जिंकू देतो.