एका भाकरीचं ताट

जळल्याचा वास आला तेव्हा मला वाटलं मांडा करपला. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. अंगणातल्या चुलीवर खापर उपडं घातलेलं आणि मी हातावर पुरणाचा मांडा फिरवत होते. नवरा चुलीपाशी उभा राहून धाकट्या भावाशी कापसाबद्दल बोलत होता. त्याचा उजवा अनवाणी पाय चुलीतून घरंगळलेल्या निखाऱ्यावर होता, आणि तो हसत होता.

"भाऊ, पाय!" दीर ओरडला.

"काय झालं पायाला?" म्हणत त्यानं खाली पाहिलं. कातडं निखाऱ्याला चिकटून आलं, तरी त्याच्या तोंडातून हूं निघालं नाही. मला तेव्हा जी भीती वाटली ती आरडाओरडा केला असता तर वाटली नसती.

दीर जळगावात पिंप्राळ्याला राहायचा. त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, लघवी तपासली. साखर इतकी होती की डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं, "बाई, यांना किती दिवस तहान तहान होतेय?" दोन वर्षं होत होती. आम्ही म्हणायचो, उन्हात काम करणाऱ्याला तहान लागणारच.

गोळ्या दिल्या, पट्टी कशी बांधायची ते दाखवलं. म्हणाले, "साखरेनं पाय बधिर झालाय, म्हणून चटका कळला नाही. गोड बंद. भाकरी, भात, केळी अगदी कमी. महिनाभर वाट बघतो. साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही, आणि मग पाय कापावा लागेल."

चूक माझी झाली, ती आधी सांगून टाकते. मी गोड बंद ऐकलं आणि भाकरीचं ऐकून सोडून दिलं. शहरातला माणूस, त्याला काय ठाऊक भाकरी काय असते, असं मनात म्हटलं. चहात साखरेऐवजी गूळ घातला. जखम भरायला ताकद हवी म्हणून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, चारच्या पाच भाकरी वाढू लागले. ही कडक भाकरी, तिच्यात कुठली आली साखर?

डॉक्टरांनी एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली दिली होती. औषध नळीत उकळायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, पुन्हा उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटेसारखं लाल, अशी ती चढत जाते. सासूबाईंनी हे घरात करू दिलं नाही. मी स्टो गोठ्यात नेला, सांडशीनं नळी धरली. मी चौथी शिकलेली बाई, पण रंग कळायला शाळा लागत नाही. आठवडाभर रोज वीट निघाली.

मग एक दिवस त्याचं पोट बिघडलं. भाकरीकडे बघवेना. दुपारी नुसतं ताक प्याला आणि वांग्याचं भरीत चाटलं. संध्याकाळी नळी हिरवी झाली. मी पुन्हा करून पाहिली. पुन्हा हिरवी. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एकच भाकरी दिली, नळी पिवळी. तिसऱ्या दिवशी चार दिल्या, वीट. त्याच दिवशी मला कळलं की डॉक्टर खरं बोलत होते आणि मी माझ्या हातानं त्याचा पाय कापायला निघाले होते.

जळगावला जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. खाणं कमी झालं की साखर फार खाली जाऊ शकते म्हणून गोळी थोडी कमी केली आणि घाम फुटून हात थरथरले तर लगेच साखर द्यायची, हे मात्र दोनदा बजावलं.

तेव्हापासून त्याच्या ताटात एक भाकरी. बाकी भरीत, मेथी, अंबाडी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही. सासूबाईंच्या गळ्यात माळ, म्हणून अंडी गोठ्यातच उकडायची. आमच्याकडे बाईची लायकी नवऱ्याच्या ताटातल्या भाकरींवरून ठरते. सासूबाई धुळ्याकडच्या, रागावल्या की अहिराणीतच बोलायच्या. "मन्हा आंडोरले उपाशी मारस का वं?" माझ्या पोराला उपाशी मारतेस का, म्हणून.

"उपाशी मेला तर माझं नाव घ्या," मी म्हटलं. "पाय गेला तर तुमच्या भाकरीचं घेईन."

त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. काम भराभर उरकलं.

नवराही काही संत नव्हता. एका संध्याकाळी नळीत एकदम लाल. दुपारचं ताट मीच वाढलेलं.

"बागेत केळी किती खाल्ली?"

"कोण म्हणतं खाल्ली?"

"तुमचं मूत म्हणतं."

तो खाटेवर बसला. मग म्हणाला, "सहा. छोटी होती."

"सहा केळ्यांसाठी पाय देणार? आपल्या बागेत घड मोजायला तुम्ही जाणार, का तुमच्या कुबड्या?"

"तुझी जीभ फार चालते."

"माझी जीभ चालते म्हणून तुम्ही चालाल."

त्यानंतर तो बागेतून आला की स्वतःच नळी मागायचा. निळी निघाली की गल्लीत कोणालाही बोलावून दाखवायचा, जणू त्यानंच भरीत केलंय. मला राग यायचा, पण दाखवू दे म्हटलं.

महिना भरला. डॉक्टरांनी पट्टी सोडली, चिमट्यानं मेलेलं कातडं काढलं. खाली लाल मांस धरलं होतं. मला म्हणाले, "बाई, तुम्ही काय केलंत ते माझ्या इतर पेशंटच्या बायकांना सांगाल?" मी सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या पाचसहा जणींना उभी राहून सांगितलं, पदर खोचून, मोठ्या आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात माझं कोणी ऐकून घेतलं. त्यातली एक रडायला लागली. तिला म्हटलं, रडू नको, आधी भाकरी काढ.

जखम भरायला पुढे पावसाळाभर वेळ गेला. पायाची करंगळी गेली, तिच्यातलं हाड सडलं होतं. पाय राहिला. वजनही उतरलं, सदरे आत घ्यावे लागले.

त्या डॉक्टरांना जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाईही गेल्या. नवरा एक्याऐंशीचा आहे, आणि दोन्ही पायांवर चालतो.