रुळाचं दुसरं टोक

"हा धर," सर म्हणाले, आणि टेबलावरचा काळा रूळ त्यांनी माझ्यापुढं केला.

वहीत रेघा मारायचा तो गोल लाकडी रूळ. एक टोक त्यांनी टेबलापलीकडं साहेब होऊन बसलेल्या छोट्या भैयाच्या हातात दिलं. दुसरं टोक माझ्यासाठी. शेकहँडसाठी केलेला माझा हात अजून पुढंच होता, उघडा. छोट्या भैयानं आपले दोन्ही हात टेबलाखाली लपवले होते, ते आता एकदाचे बाहेर आले.

"दोघांचीही सोय झाली," सर म्हणाले. वर्ग हसला. मोठ्यानं नाही. जेवण झाल्यावर माणसं आपल्या ओसरीवर हसतात तसा, आरामात.

मी रूळ धरला. वरखाली हलवला. "थँक यू, सर" म्हणालो, कारण मुलाखत संपताना तसं म्हणायचं असतं हे आम्हाला शिकवलं होतं. मग जाऊन मागच्या बाकावर बसलो. हाताला रुळाचा गारवा लागून राहिला होता, तो मी पायजम्याला पुसत होतो.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गोंदियाच्या कॉलेजात कॉमर्सचा वर्ग भरायचा आणि त्यात व्यापारी पत्रव्यवहार आणि संभाषण असा एक विषय होता. शिकवणारे सर जबलपूरचे. गोंदियाच्या उन्हातही टाय सोडत नसत. ऑफिसात शिरताना दार कसं वाजवायचं, सांगितल्याशिवाय खुर्चीवर का बसायचं नाही, पत्राची सुरुवात कशी करायची, आधी शेकहँड करून मग नाव कसं सांगायचं, सगळं ते करून दाखवत. ढिला हात म्हणजे ढिला माणूस, असं म्हणत. आणि आमच्या तोंडून 'मले', 'तुले' निघालं की सांगत, तुमची झाडीची बोली धानाच्या बांधीत ठेवून येत जा. तेव्हा सगळ्या वर्गाची मान खाली जाई. त्या एका बाबतीत मी आणि छोटा भैया सारखेच अडाणी ठरायचो. मला ते मनातून फार बरं वाटायचं.

कायद्यानं शिवाशिव संपली, हेही याच सरांनी सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभं राहून सांगितलं होतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

छोटा भैया म्हणजे आमच्या गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, धाकटा मुलगा. मालगुजारी सरकारनं काढून घेतली, पण मालगुजार तिथंच राहिला. गाव बोदलकसाच्या तळ्याच्या अंगाला. माझा बाप त्या गावचा कोतवाल, म्हणजे महार, म्हणजे हाक मारील त्याचा. सांगावे पोचवायचे, लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं. आणि मालगुजाराच्या दारापुढं लांब उभं राहून, कमरेत वाकून, मातीला हात लावून तो कपाळाला न्यायचा आणि म्हणायचं, "जोहार, मायबाप." मला नीट चालता येत नव्हतं तेव्हापासून हे येत होतं. बोलण्याचालण्याचं शिक्षण मला कॉलेजात जायच्या आधीच मिळालेलं होतं. फक्त त्याची परीक्षा रोज व्हायची आणि त्यात पास कोणी होत नव्हतं.

मी गोंदियाजवळ कुडव्याला मामाकडं राहायचो. मामा विड्या वळायचा. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका विडी कारखान्याचे सेठजी आमच्या वर्गातून पत्रव्यवहारासाठी एक कारकून निवडणार होते. रुळाचा तो तास त्याच मुलाखतीची तालीम होती. माझं इंग्रजी बरं होतं. सरच तसं म्हणायचे. ती नोकरी मिळाली की बा आणि माय यांना गावातून काढायचं आणि कुडव्याला आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नको होतं मला.

शनिवारी गावी गेलो. तिरोड्याला गाडीतून उतरलो आणि चालत निघालो. एरवी वस्तीची पोरं अर्ध्या वाटेवर धावत यायची. त्या दिवशी कोणी आलं नाही. बाया दारात होत्या, त्या मला पाहून आत गेल्या. मायनं पाणीही विचारलं नाही.

"तू भैयाले हात लावाले गेलता म्हणते?" ती म्हणाली.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. मी म्हणालो, "सरांनीच सांगितलं होतं. सगळेच करत होते." मायनं तोंडावर पदर धरला आणि चिंचेकडं पाहिलं.

चिंचेखाली मालगुजाराचे दिवाणजी उभे होते. वस्तीत शिरायचे नाहीत, तिथूनच बोलायचे. डोक्यावर छत्री. आवाज असा मऊ की लांबून वाटावं, कोणाची खुशाली विचारून राहिले आहेत. बा धावत गेला, वाकला. मी मागं गेलो.

"पोरगा शिकून राहिला, चांगली गोष्ट आहे," दिवाणजी म्हणाले. "मालकाले बी आनंदच आहे. फक्त होळीच्या सकाळी त्याले घेऊन ये. समद्या गावासमोर भैयाले जोहार घालू दे. मंग मिटलं."

"आणतो, मालक," बा म्हणाला.

"आणशीलच." त्यांनी मान वर केली आणि आमच्या घरांवरून एकेक करून नजर फिरवली. सगळी छपरं धानाच्या तणसीची. "उन्हाळा लागून राहिला. वाळली तणस आहे तुमची. आगीले का डोळे असतेत?"

एवढं बोलून ते गेले. शिवी नाही, धमकी नाही. ते वळणाआड होईपर्यंत बा हात जोडून उभा होता. वारा सुटला होता आणि छपरावरची तणस खसखसत होती. तो आवाज मी जन्मापासून ऐकत होतो, पण त्या दिवशी तो मी थांबून ऐकला.

मी म्हणालो, मी येणार नाही.

"काऊन नाही?" बा म्हणाला. तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "एक वाकणंच त आहे. मी रोज वाकतो. माही कंबर मोडली का?"

मी मायकडं पाहिलं तर ती छपराकडं पाहत होती.

सेठजींचा दिवस आला. सरांनी नवा टाय बांधला होता. टेबलावर पांढरी चादर, दोन खुर्च्या, पाण्याचा पेला. आणि चादरीच्या कडेला तो काळा रूळ. कारखान्याच्या माणसासमोर रेघा मारायच्या नव्हत्या. तो कशासाठी ठेवलाय हे मला दारातूनच कळलं.

आम्ही बाहेर उभे. एकेक जण आत जायचा आणि खुशीत बाहेर यायचा. सेठजी चांगला माणूस आहे, हात घट्ट धरतो, असं सांगायचा. छोट्या भैयाला नोकरीची काय गरज? तोही गंमत म्हणून जाऊन आला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "होळीले येऊन राहिला ना?" मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

मी आत गेलो. दार वाजवलं होतं, परवानगी मागितली होती, सगळं शिकवल्याप्रमाणं. "गुड मॉर्निंग, सर." हात पुढं केला. सेठजींचाही हात सवयीनं उठला. अर्ध्यावर आला असेल. तेवढ्यात सर त्यांच्या कानाशी वाकले. तो हात वाट बदलून पेल्याकडं गेला.

सरांनी एका बोटानं रूळ माझ्याकडं सरकवला. "घे," म्हणाले. हळूच. माझ्या भल्यासाठी सांगत असल्यासारखं. त्याचा मला जास्त राग आला. छोटा भैया माझा तिरस्कार करत होता, ते सरळ होतं. सर मला सवलत देत होते.

आणि तिथं, त्या पांढऱ्या चादरीपुढं, मला बाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. मोडली होती त्याची कंबर. कधीच मोडली होती. इतकी लहानपणी, की न मोडलेली कंबर कशी असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. आणि मी तो रूळ दुसऱ्यांदा उचलला तर मलाही ते पुढं आठवणार नव्हतं.

रूळ तिथंच पडू दिला. हात तसाच पुढं ठेवला.

"सर, तुम्हीच शिकवलं," मी म्हणालो. "आधी हात, मग नाव. हात मिळाल्याशिवाय मी नाव सांगणार नाही."

सेठजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते सरांशी बोलले. "लड़का बोलता ठीक है, मास्टरजी. लेकिन हमारे दफ्तर में सब एक ही मटके का पानी पीते हैं."

"जा आता," सर म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास."

मी हललो नाही. खांदा दुखायला लागेपर्यंत हात पुढं धरून उभा राहिलो. दोघांपैकी एकालाही त्या हाताकडं बघवेना. मग तो मीच खाली घेतला, आणि 'थँक यू' न म्हणता बाहेर आलो.

होळीच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. बा दारात दोर वळत बसला होता.

"नोकरी?"

"गेली."

"भैयाची माफी मांगली?"

"नाही. उद्या जोहारही घालणार नाही. मला मारलंस तरी नाही."

त्यानं दोर खाली ठेवला. माय रडू लागली, हलक्या आवाजात, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. बानं आपल्या हातांकडं पाहिलं. मग उठला, कुडाच्या भिंतीवर पाय देऊन छपरावर चढला, आणि तणस उपसून खाली टाकू लागला.

"काऊन काढून राहिले जी?" माय घाबरून ओरडली. तिला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

"जळाले काही ठेवाचंच नाही," बा वरून म्हणाला.

शेजारचे लोक बाहेर आले. बघत उभे राहिले. मग एक म्हातारा आपल्या छपराकडं गेला. त्याच्यामागं दुसरा. दुपार कलेपर्यंत सगळ्या वस्तीच्या घरांचे नुसते बांबू उरले होते. पेंढ्या डोक्यावर घेऊन आम्ही तळ्यावर गेलो आणि पाण्यात लोटल्या. लहान लेकरंही एकेक पेंढी वाहत होती.

होळीच्या सकाळी दिवाणजी आले. सोबत काठ्या घेतलेली चार माणसं होती. चिंचेशी थबकले. ऊन सरळ घरांत पडलं होतं. चूल, उतरंड, निजलेलं लेकरू, सगळं उघडं. आणि माणसं आपापल्या जागी बसलेली.

"हे काय रे, कोतवाल?"

बा उठला नाही. बसूनच बोलला. त्यांच्याशी तो बसून बोलताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. "उन्हाळा लागून राहिला, दिवाणजी. हवा पाहिजे आमाले."

दिवाणजींनी काठीवाल्यांना मानेनं खूण केली आणि सगळे फिरले. दिवाणजी ओरडले असते तर बरं झालं असतं. आठवड्याच्या आत बाची कोतवाली गेली. शेतांवर वस्तीतल्या कोणालाच काम मिळेना. दुकानदार मीठ देईना. लेकरांच्या अंगावर उन्हानं फोड आले, एक म्हातारी तापानं गेली. लोक मला तोंडावर काही म्हणाले नाहीत, पण काहींच्या डोळ्यांत मला दोष दिसायचा आणि तो मी सोसला. कोणी येऊन न्याय केला नाही. कायदा गोंदियालाच राहिला.

मी कॉलेजात परत गेलो. पुढच्या बाकावर, सरांच्या समोर बसलो. ते विषय शिकवतील तोवर शिकणार होतो. त्यांची रीत, त्यांचं इंग्रजी, त्यांच्या पत्रांचे मायने, सगळं घेणार होतो. वाकणं तेवढं घेणार नव्हतो.

पाऊस यायच्या आत छपरं घालायची होती. तणसीची नाही, भाजलेल्या मातीच्या कवेलूची, हे वस्तीनं बसून ठरवलं. माती आम्ही तुडवली, भट्टी आम्ही रचली. आणि त्या भट्टीपाशी मी सगळ्यांसमोर म्हणालो ते आजही म्हणतो: जोहार हा शब्द आमच्या वस्तीतून संपला. ज्याला तो ऐकायची खोड आहे त्यानं काठ्या घेऊन यावं, दिवसा यावं, तोंड दाखवून यावं. आम्ही उभेच सापडू.