अकरा खोल्यांच्या आपा

आपा खोली दाखवायच्या ती दुपारी दोनलाच. सकाळी कुणी आलं तर त्याला ओट्यावर बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि "दोन वाजता या" म्हणून परत पाठवायच्या. मे महिन्यात त्या वेळी पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापलेली असे. आलेला माणूस मान पुसत उभा राही. आपा म्हणायच्या, "सकाळी तर जहन्नुमबी थंड वाटते. आत्ता दहा मिनिटं बसून बघा. बसवलं तर वर्षभर राहाल."

गुलमंडीमागच्या गल्लीतल्या त्या इमारतीला लोक 'अकरा खोल्या' म्हणायचे. मालक अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला गेले आणि तिकडचेच झाले. मागे देखरेख आपांच्या सासऱ्यांकडे आली, मग नवऱ्याकडे, आणि नवरा लवकर गेल्यावर आपांकडे. भाडेकरू ठरवणं, नळाच्या पाळ्या लावणं, पत्रे बदलून घेणं, भांडणं मिटवणं, सगळं त्या एकट्या बघायच्या. खोलीतले दोष त्या स्वतःहून सांगायच्या. "ह्या भिंतीला ओल येते. पाणी दिवसाआड. शेजारचे मास्तर पहाटे मोठ्यानं खोकतात."

एकदा मी म्हटलं, "आपा, अशानं कोण राहायला येईल?"

"येईल तो भांडणार नाही. आणि फसवून ठेवला तर रोज त्याचं तोंड बघावं लागते, बेटा."

मी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून सरकारी कार्यालयात टायपिस्ट म्हणून आले होते. आठ दिवस खोली शोधत फिरले. एकटी मुलगी म्हटलं की लोक आतूनच "नाही" म्हणत. आपांनी मला रीतसर दोन वाजता बोलावलं, दहा मिनिटं बसवलं, दोष सांगितले आणि खोली दिली. एकट्या बाईला खोली द्यायची नाही असा मालकांचा नियम होता, हे मला नंतर कळलं. खोली मिळाली त्याच संध्याकाळी खोकणारे मास्तरच तक्रार घेऊन आले.

"आपा, एकटी पोरगी ठेवताय. उद्या काही झालं तर?"

"अकेली कायकू?" आपा तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "मी आहे की तिच्याजवळ. काही झालं तर माझं नाव घ्या."

हैदराबादला त्यांनी पत्र पाठवलं, ते माझ्याकडूनच लिहून घेतलं. 'ही मुलगी माझ्या घरातली आहे.' लिहिताना माझा हात थांबला, तर म्हणाल्या, "लिही. खोटं नाही ते."

महिन्याभरानं माझे वडील अचानक आले. दादा जुन्या वळणाचे. मुसलमानाच्या घरचं पाणी घेत नसत. दारातच त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला, आपांनीही पाहिला. त्यांनी मास्तरांच्या बायकोला हाक मारली, चहा तिच्या चुलीवर करायला लावला आणि तिच्याच हातून दादांना दिला. स्वतः उंबऱ्याबाहेर बसून पाऊसपाण्याचं विचारत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना दादा चपला घालत म्हणाले, "बाई, लेक तुमच्या भरवशावर ठेवून चाललो. लई जीव हाय माझा तिच्यात."

दादा गेल्यावर मी आपांपुढे रडले. त्या म्हणाल्या, "बाप एस्टीत धक्के खात आला. त्याला चहा गोड लागला पाहिजे. माझं काय जाते त्यात?"

सात वर्षं मी तिथं राहिले. टायफॉइडमध्ये त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि माझं लग्न झालं तेव्हा मांडवात दादांच्या शेजारी बसल्या. पुढे नवऱ्याबरोबर मी जालना रोडकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेले. बढती मिळाली, फ्लॅट झाला, काही वर्षांनी भाड्यानं द्यायला म्हणून वरच्या मजल्यावरचा दुसराही घेतला. आपांकडे जाणं ईदेपुरतं उरलं आणि मग तेही सुटलं.

मालकांच्या वारसांनी 'अकरा खोल्या' विकायला काढल्या, तेव्हा आपा सत्तरीच्या पुढे होत्या. दहा बिऱ्हाडांना त्यांनी उन्हातान्हात हिंडून दुसऱ्या जागा बघून दिल्या. शेवटी राहिल्या त्या आणि त्यांची नात नाझनीन. नाझनीन नर्स होती, आणि तिचं हॉस्पिटल आमच्या वसाहतीपासून पाच मिनिटांवर होतं.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीची बैठक झाली होती. "फ्लॅट भाड्यानं द्या, पण आपल्यातल्याच माणसांना द्या," असं अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी आल्यावर हे म्हणाले, "आपल्याला इथंच राहायचंय. उगीच वाकडेपणा कशाला?" मी ताटं घेतली.

एका रविवारी सकाळी आपा आल्या. जिने चढून त्यांना धाप लागली होती. पाणी पिऊन म्हणाल्या, "तुझा वरचा फ्लॅट द्यायचाय ऐकलं. नाझनीनची ड्यूटी जवळ पडेल. आम्ही दोघीच आहोत, आवाजबी नाही आमचा."

ह्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो आपा," मी म्हटलं, "कालच दिला की. कंपनीतलं एक कुटुंब आहे."

इतकं सहज आलं ते तोंडातून. आधी ठरवून ठेवल्यासारखं.

आपांनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "अच्छा झालं. रिकामं घर लवकर खराब होते." त्यांनी चहा घेतला, माझ्या मुलांची चौकशी केली आणि उठल्या. मी फाटकापर्यंत गेले. तिथं त्यांनी वर पाहिलं. "वरची खिडकी उघडी राहिली बघ. आभाळ भरून आलंय. ते लोक यायच्या आधी लावून घे."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. घरं दाखवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना भाड्यानं गेलेलं घर आणि रिकामं घर यांतला फरक मी शिकवायला नको होता. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हाक मारू शकले असते. मी वर गेले, खिडकी लावली आणि त्या मोकळ्या खोलीत फरशीवर बसून राहिले.

फ्लॅट आणखी तीन महिने रिकामा होता.

दोन वर्षांनी आपा गेल्याचं बाजारात मास्तरांच्या मुलाकडून कळलं. शहराबाहेर, पडेगावच्याही पुढे त्यांची खोली होती; मी तिथं गेले. नाझनीननं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा ठेवला. "दादी तुमचं नाव सारखं घ्यायची," ती म्हणाली. "आपली एक पोरगी मोठी ऑफिसर झाली, असं सगळ्यांना सांगायची."

मला ते ऐकवेना. "नाझनीन, त्या दिवशी मी खोटं बोलले. फ्लॅट कुणालाच दिला नव्हता."

ती कपात चहा गाळत होती. गाळून झाल्यावर म्हणाली, "माहीत आहे. मी कोपऱ्यावर रिक्षात होते. वरच्या गॅलरीला 'भाड्यानं देणे आहे' अशी पाटी तशीच लटकत होती. दादी येऊन म्हणाली, आपल्यालाच उशीर झाला. तिला वाईट वाटू नये म्हणून मी पाटीचं बोलले नाही."

"त्यांनाही माहीत होतं," मी म्हटलं.

नाझनीननं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे भरले. बहुतेक तिला हे तेव्हाच कळलं, की आजी दोन वर्षं तिच्यापासून माझं खोटं लपवत होती.

मी माफी मागितली. ती "जाऊ द्या" म्हणाली नाही, आणि रागावलीही नाही. कप माझ्या हातात देऊन तिनं पदरानं डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हॉस्पिटलला पोचायला तिला दोन रिक्षा बदलाव्या लागत, म्हणून तास आधी निघावं लागे.