रुक्मिणीबाईंचं मानपत्र

देवासच्या आमच्या मराठी मंडळात मानपत्रं मीच लिहितो. बावीस वर्षं झाली. माझ्या भाषेला लोक पल्लेदार म्हणतात. माझी बायको विद्युल्लता, स्वतःचं नाव एवढं भारदस्त असूनही, तिला शब्दबंबाळ म्हणते. म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाली, "शब्द उदंड, आणि आत माणूस सापडत नाही." मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

रुक्मिणीबाईंनी एकतीस वर्षं मंडळाच्या स्वयंपाकघरात काढली. आता गुडघे साथ देईनात, म्हणून त्या पीथमपूरला मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. सत्काराच्या दिवशी सकाळीच घरी आल्या.

"भाऊसाहेब, एकदा वाचून दाखवा. सुनेच्या घरी रिकाम्या हातांनी जायचं जिवावर येतं. इथे मी काय केलं ते तिला कळायला हवं. दाखवायला तेवढा एकच कागद आहे."

मी घसा खाकरला. "हे अन्नपूर्णास्वरूपिणी, पाकशास्त्रपारंगते, सेवाव्रताच्या तेजःपुंज दीपशिखे..." बाईंनी हात जोडून शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "छान आहे हो. पण ही बाई कोण?"

आतून विद्युल्लतेचं हसू ऐकू आलं. मला घाम फुटला. रागही आला, पण स्वतःचाच. जिच्या हातचं एकतीस वर्षं जेवलो, तिच्याबद्दल मला एक खरं वाक्य लिहिता आलं नव्हतं. मी कागद फाडला. "बाई, तुम्ही सांगा, मी लिहितो."

संध्याकाळी मी जेमतेम आठ ओळी वाचल्या. नळ आटले त्या उन्हाळ्यात बाईंनी टँकरच्या पाण्यावर एका पंगतीला तीनशे पानं वाढली. नवरा गेला, तेव्हा चौदाव्या दिवशी त्या चुलीपुढे हजर होत्या. त्यांच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं नाही.

"तीनशे नाही, साडेतीनशे," बाई व्यासपीठावरूनच म्हणाल्या. सगळे हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. कागदात बाई सापडल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर त्यांची सून अल्पना पुढे आली. शाळा हिंदीत झालेली, मराठी वाचायची सवय नाही. तिनं एकेका ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं.

"आई, ये सब आपने किया? हे तर आपण बैठकीत लावू."

"लाव," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "पण आधी भाऊसाहेबांकडून साडेतीनशे करून घे."